जगद्गुरू तुकोबाराय : सोसणं आणि पुसणं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं स्मरणिका काढायची ठरली आणि दिंडीप्रमुखांनी तुकोबारायांचं चरित्र लिहायचं काम आमच्याकडं दिलं. आम्ही चौथी शिकलेले. हातात लेखणीपेक्षा खुरपंच जास्त राहिलं. कीर्तनाला उभं राहिलं म्हणजे मागं टाळकरी असतात, मृदंग असतो, चुकलं-माकलं तर सांभाळून घेतात. कागदावर कोण सांभाळणार? पण शब्द दिला, आता मागं सरता येत नाही. काही कमी-जास्त झालं तर वाचक माऊलींनी पदरात घ्यावं.

महाराजांचं चरित्र तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आईच्या मांडीवर ऐकलंय, सप्त्यात ऐकलंय. मग पुन्हा कशाला लिहायचं? तर आम्हाला एका माऊलीनं एक प्रश्न पुसला होता, त्याचं उत्तर शोधताना हे चरित्र आम्हाला नव्यानं वाचावं लागलं. म्हणून ते तुमच्यापुढं ठेवतो.

काही वर्षांमागं जवळच्या एका गावातला तरणा शेतकरी कर्जापायी जीव देऊन गेला. दशक्रियेचं प्रवचन आमच्याकडं होतं. नदीकाठी माणसं बसली होती. आम्ही नेहमी बोलतो तसंच बोललो. देव ज्या स्थितीत ठेवील त्यात आनंद मानावा, जे झालं ते त्याच्या मर्जीनं झालं, हे तुकोबारायांचंच सांगणं आहे, असं दोन-चार वेळा घोळून सांगितलं. माणसं माना हलवत होती. प्रवचन संपलं, नारळ-उपरणं घेऊन आम्ही निघालो, तर त्या पोराची आई वाटेत उभी. रडत नव्हती. तिनं आम्हाला दोन गोष्टी पुसल्या. कर्जाच्या कागदावर सही देवानं केली होती का? आणि दुष्काळात बायको-पोर गेल्यावर तुकोबा गप बसले होते का?

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं जवळ काही नव्हतंच. घरी आलो, जेवण गेलं नाही. त्या वर्षी आम्ही दशक्रियेचं एकही प्रवचन घेतलं नाही. चातुर्मासात गाथा काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चाळीस वर्षं कीर्तन करून आम्हाला जे अभंग पाठ झाले होते ते बहुतेक समाधानाचे होते. महाराज देवाशी भांडतात, त्याला जाब पुसतात, ते अभंग आम्ही वाचून पुढं सरकत होतो. आमच्या पाठांतरातले तुकोबा म्हणजे अर्धेच तुकोबा होते. उरलेले अर्धे आता सांगतो.

घराणं

देहू गाव इंद्रायणीच्या काठावर, पुणे जिल्ह्यात. तिथं मोरे घराणं, आडनाव आंबिले. घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा पंढरीचे निष्ठावंत वारकरी. त्यांच्या भक्तीसाठी पांडुरंग देहूला आले, असं आपण मानतो. तेव्हापासून घरात विठ्ठलाचं देऊळ आणि पंढरीची वारी चालत आली. गावच्या बाजारपेठेची महाजनकी या घराकडं होती. शेती होती, दुकान होतं, सावकारी होती.

वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. महाराजांचा जन्म इ. स. 1608 चा धरतात. सावजींचं मन प्रपंचात नव्हतं, म्हणून लहान वयातच दुकान आणि देवघेव तुकोबांच्या हातात आली. पहिली पत्नी रखुमाई, तिला दम्याचा आजार. म्हणून दुसरं लग्न झालं. ती जिजाई, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, जिला आपण आवली म्हणतो.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. महाराज जन्मानं कुणबी खरे, पण ते कर्ज घेणाऱ्याच्या घरात वाढले नाहीत. ते कर्ज देणाऱ्याच्या घरात वाढले. तराजू त्यांच्या हातात होता, खतं त्यांच्या पेटीत होती.

सतराव्या वर्षाच्या आसपास आई-वडील गेले. मागोमाग थोरली वहिनी गेली. सावजी तीर्थयात्रेला निघून गेले ते परत आलेच नाहीत. विशी गाठायच्या आत सगळं घर या एका पोराच्या खांद्यावर आलं. तोवर महाराजांनी देवाला काही पुसल्याचं ऐकिवात नाही. आलं ते उचललं. दुकान चालवलं, भावाला सांभाळलं, बायका-पोरांना बघितलं.

दुष्काळ

मग शके 1551 आणि 52 चा दुष्काळ आला. इ. स. 1630 च्या सुमाराचा. एक साल पाऊस गेला, दुसरं साल गेला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली, माणसं गावं सोडून चालली.

आम्ही 72 सालचा दुष्काळ पाहिलाय. अकरा-बारा वर्षांचे होतो, चौथीची परीक्षा झाली होती. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आम्ही पाट्या उचलायचो. लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, कामावरची सुकडी खाल्ली. पाचवीचं तोंड बघितलंच नाही, शाळा त्या खडीच्या ढिगापाशी सुटली. तरी पण काम होतं, रेशनवर धान्य होतं, माणसं तगली. महाराजांच्या काळी यातलं काही नव्हतं. पाऊस गेला म्हणजे माणूस गेलाच.

त्या दुष्काळात रखुमाई अन्नावाचून गेली. पोटचा मुलगा संतू गेला. बैल गेले, व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. महाजनाची बायको घासभर अन्नासाठी तडफडून मरते, याचा विचार करा. ज्या घरानं गावाला मापानं धान्य घातलं, त्या घरात पसाभर दाणा नव्हता. ही गोष्ट दुसऱ्या कोणी रचलेली नाही. महाराजांनीच आपल्या अभंगात सांगितलीय, आणि त्या वेळी लाज वाटली, जीव दुःखानं पोळला, हेही लपवलेलं नाही.

आता त्या माऊलीचा दुसरा प्रश्न घ्या. तुकोबा गप बसले का? नाही बसले. ते घरातून उठले आणि भामनाथाच्या डोंगरावर गेले. पंधरा दिवस तिथं राहिले. अन्न नाही, पाणी नाही, साप-विंचू अंगावर, वाघ समोर, असं महिपतीबुवांनी वर्णन केलंय. काही लोक म्हणतात, महाराज दुःखाला कंटाळून डोंगरावर गेले. आमच्या मनाला ते पटत नाही. कंटाळलेला माणूस झोपून राहतो. महाराज देवाच्या दारात धरणं धरून बसले होते. हे सगळं कशासाठी, यात खरं काय आणि खोटं काय, जे मरतं ते कोण आणि जे उरतं ते कोण, हे कळल्याबिगर खाली उतरायचं नाही, अशी ती बैठक होती. पंधराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. कान्होबा भावाला हुडकत रानोमाळ फिरत होते, ते तिथं पोचले.

माऊली हो, दुःखानं बसलेला माणूस आणि पुसायला बसलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. दोघंही जेवत नाहीत, दोघंही बोलत नाहीत. आत फरक असतो. पहिला दार लावून घेतो, दुसरा दार ठोठावतो.

इंद्रायणीतली खतं

डोंगरावरून उतरून दोघं भाऊ इंद्रायणीवर आले. महाराजांनी घरातली कर्जखतं मागवली. गावातल्या कोणाकोणाकडून किती येणं आहे, त्याचे ते कागद. दोन वाटण्या केल्या. अर्धे कागद कान्होबाला दिले, कारण त्याला प्रपंच करायचा होता, त्याचा हक्क होता. आपल्या वाटणीचे कागद मात्र इंद्रायणीत सोडून दिले.

हा प्रसंग आम्ही कीर्तनात शंभरदा सांगितला असेल. विरक्ती म्हणून सांगितला. पण त्या माऊलीच्या प्रश्नानंतर तो वाचला आणि डोळे उघडले. दुष्काळ काय एका महाजनाच्या घरावर आला होता का? ज्यांच्याकडून येणं होतं, ती कुळंही त्याच दुष्काळात होरपळली होती. त्यांचीही बायका-पोरं गेली असतील. महाराजांना त्यांना सांगता आलं असतं, की बाबांनो, देवानं तुम्हाला कर्जात ठेवलंय, तर समाधानानं कर्जात राहा. सोपं होतं. पेटी भरली असती. पण महाराजांनी तसं केलं नाही. आपल्या वाट्याचं दुःख त्यांनी सोसलं, पण दुसऱ्याचं दुःख जिथवर आपल्या हातात होतं, तिथवर ते कमी केलं. देवाची मर्जी म्हणून ते त्याच्या माथी मारलं नाही.

कर्जाच्या कागदावर सही देवाची नसते, हे आधी महाराजांनीच ओळखलं. देवाची सही असती, तर त्यांनी तो कागद पाण्यात सोडला नसता.

आमचं प्रवचन इथंच चुकलं होतं. जी गोष्ट महाराजांनी स्वतःच्या मनाला सांगितली, ती आम्ही दुसऱ्याच्या जखमेला सांगितली. तो समाधानाचा अभंग आम्ही पुन्हा नीट वाचला. त्याच्या शेवटी महाराज आपला भार देवावर घालायचं बोलतात, स्वतःला धरून बोलतात. दुसऱ्याला दटावून गप करायचा तो अभंग नाही. आणि तो बोलणारा कोण? ज्याची बायको गेली, मूल गेलं, पेढी गेली तो. त्याच्या तोंडी ते शोभतं. आमच्या हातात नारळ-उपरणं होतं. आमच्या तोंडी ते शोभलं नाही.

शिकणं

खतं सोडल्यावर महाराज काय करू लागले? वाडवडिलांचं विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं. ते त्यांनी आपल्या हातानं दुरुस्त केलं. दगड वाहिले, चिखल तुडवला. पुढं त्या देवळात एकादशीचं कीर्तन सुरू केलं. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, हे त्यांनीच सांगितलंय. पुढं जे गात असतील त्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरायचं, एवढंच काम घेतलं. मग ज्ञानोबारायांची ज्ञानेश्वरी, नाथांचं भागवत, नामदेवरायांचे अभंग यांचं पाठांतर केलं. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे.

माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि रामकृष्ण हरी हा मंत्र दिला. आपण सगळे आज तोच मंत्र चालवतो. पुढं नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अभंग रचायची आज्ञा झाली.

इथं नव्या पिढीच्या कीर्तनकारांना एक विनंती. प्रश्न पुसायचा तर महाराजांसारखा पुसावा. महाराजांनी आधी देवळाचे दगड उचलले, ध्रुपद धरलं, संतांचे ग्रंथ पाठ केले. काम करत करत पुसलं. पारावर बसून, पाय हलवत, देव आहे का नाही म्हणून वाद घालणं वेगळं. ते पुसणं नव्हे, तो वेळ घालवणं.

देवाशी भांडण

गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. त्यात उपदेशाचे आहेत, वर्णनाचे आहेत, गौळणी आहेत. पण जे अभंग वाचताना आमच्या अंगावर काटा आला, ते भांडणाचे आहेत. तू मला दर्शन का देत नाहीस, तुझं ब्रीद खोटं का, तुला दया नाही का, असं महाराज पुसतात. देवाला चोर म्हणतात, कठोर म्हणतात, भिकारी म्हणतात. एके ठिकाणी तर आपल्या लेखी देव मेलाच, असं सांगायला ते मागं-पुढं बघत नाहीत. आपल्या गावात कोणी असं बोललं, तर आपण त्याला माळ काढायला लावू.

आणि देवालाच पुसून थांबत नाहीत. त्याहून कडक ते स्वतःला पुसतात. माझ्या बोलण्यात आणि वागण्यात फरक का, लोक मला संत म्हणतात पण मी आतून तसा आहे का, मन अजून का पळतं, असा हिशेब रोजचा रोज. महाजनाच्या घरचा माणूस, वहीखात्याची सवय. लोकांची वही पाण्यात सोडली, पण स्वतःची वही शेवटपर्यंत मिटली नाही.

मग हा माणूस समाधानी होता का असमाधानी? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. औत हाकता हाकता केला, पाण्याची पाळी धरता धरता रात्री केला. आम्हाला जे उमगलं ते असं. अन्न मिळालं, नाही मिळालं, लोकांनी मान दिला, शिव्या दिल्या, याबद्दल महाराज देवाशी भांडत नाहीत. तिथं ते समाधानी आहेत. भांडण सगळं एकाच गोष्टीचं आहे, की तू भेटत का नाहीस आणि मी सुधारत का नाही. आपलं बरोबर उलटं असतं. ऊसाला भाव नाही मिळाला की आपण देवाशी भांडतो, आणि आपला स्वभाव जसाच्या तसा राहिला तरी आपण समाधानी असतो.

जिजाईबद्दलही दोन शब्द बोलायला पाहिजेत. कीर्तनात आपण तिला कजाग म्हणून रंगवतो, लोक हसतात. पण ती रोज महाराजांची भाकरी घेऊन भंडारा चढत होती. तिच्या पायात काटा मोडला आणि तो देवानं काढला, अशी कथा आहे. घरात पोरं भुकेली, नवरा डोंगरावर, आणि गावाचं येणं नदीत सोडलेलं. तिनं विठोबाला नावं ठेवली असतील तर काय चुकलं? तीही पुसतच होती. महाराजांनी डोंगरावर पुसलं, तिनं चुलीपुढं पुसलं. आणि देव काटा काढायला आला तो तिच्या पायाचा, हे विसरू नये.

वह्या बुडवल्या

महाराजांचं नाव होऊ लागलं तसा विरोध वाढला. वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे विद्वान. शूद्रानं वेदांचा अर्थ प्राकृतात सांगू नये, असा त्यांचा आक्षेप. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात, असं ठरलं. महाराजांनी वह्या बांधल्या, दगड लावला आणि आपल्या हातानं डोहात सोडल्या.

बघा, पूर्वी खतं सोडली होती, आता अभंग सोडले. पहिल्या वेळी सोडलं ते ओझं होतं. या वेळी सोडला तो जीव होता. लोक हसले. आधी सावकारी बुडवली, आता परमार्थही बुडवला, असं बोलू लागले.

हुकूम महाराजांनी मानला. माणसांशी हातघाई केली नाही. म्हणजे सोसलं. पण तिथून उठले नाहीत. इंद्रायणीच्या काठी शिळेवर बसले आणि तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य केलं. देवाला पुसत राहिले, की अभंग तुझ्या आज्ञेनं रचले का माझ्या अहंकारानं? तुझे असतील तर राख, माझे असतील तर जाऊ दे. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर कोरड्या आल्या. त्यानंतर महाराजांना वाईट वाटलं ते देवाला आपण एवढं कष्टवलं याचं. त्याचे अभंग गाथेत आहेत. भांडणारं लेकरू आईच्या कुशीत शिरल्यावर जसं आपणहून रडू लागतं, तसे ते अभंग आहेत.

सोसणं आणि पुसणं एका शिळेवर बसलेलं बघायचं असेल, तर ते त्या तेरा दिवसांत बघावं. पुढं रामेश्वरभट्ट महाराजांना शरण आले. तुकोबांची जी आरती आपण रोज तळावर म्हणतो, ती त्यांचीच. ज्यानं वह्या बुडवायला लावल्या, त्याच्याच शब्दांनी आपण आरती ओवाळतो. महाराजांनी त्याच्याशी वैर धरलं असतं, तर ही आरती आपल्याला मिळाली नसती.

मंबाजी गोसाव्यानं काटेरी फांदीनं मारलं, तरी संध्याकाळी कीर्तनाला तो दिसला नाही म्हणून महाराज त्याला बोलवायला गेले, ही कथाही तुम्हाला ठाऊक आहे. बहिणाबाईंना महाराजांनी स्वप्नात उपदेश केला. ब्राह्मणाची बाई कुणब्याला गुरू मानते म्हणून तिच्या घरात रण माजलं, नवऱ्यानं छळ केला. ती देहूला आली आणि महाराजांचं कीर्तन डोळ्यांनी बघून गेली. तिनंही लोकांनी ठेवलं तसं राहायचं नाकारलं आणि देवानं ठेवलं तशी ती राहिली. लोकांनी ठेवणं वेगळं, देवानं ठेवणं वेगळं. हा फरक ओळखायला पुसावंच लागतं. न पुसता सगळंच देवाच्या नावावर घातलं, तर माणसाचं पाप देवाच्या खात्यावर जमा होतं.

शिवाजीमहाराजांनी दिवटी, छत्री, घोडा आणि संपत्ती पाठवली, ती महाराजांनी परत केली, असं सांगतात. घरात चूल पेटायची मारामार असताना परत केली. हे समाधान. पण हे समाधान डोंगरावरच्या पंधरा दिवसांतून आणि शिळेवरच्या तेरा दिवसांतून निघालेलं होतं. आयतं मिळालेलं नव्हतं. पुढं तर महाराजांनी त्या दुष्काळाचे आणि त्या दिवाळ्याचे देवाजवळ उपकार मानले. हे त्यांचं मन. पण ते आपल्या दुष्काळाबद्दल बोलले. दुसऱ्याच्या घरी जाऊन, तुझं पोर गेलं ते बरं झालं, असं ते कोणालाही बोलले नाहीत.

बीज आणि पालखी

फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. शके 1571. ती तुकाराम बीज. तेव्हा जिजाई गरोदर होती. मागून नारायणबाबा जन्मले. बापाचं तोंड न पाहिलेल्या त्या लेकानं इ. स. 1685 मध्ये महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीला आणि तिथून पंढरीला न्यायला सुरुवात केली. आपली दिंडी शंभर वर्षं ज्या पालखीबरोबर चालते, ती ही पालखी. लोणी, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, सराटीला नीरास्नान, अकलूज, वाखरी. दरवर्षी तीच वाट.

चालताना आम्ही पुष्कळांचं ऐकतो. रोटी घाट चढताना माणूस खरं बोलतो. कोणाची सून नांदत नाही, कोणाचा पोरगा दारू पितो, कोणाची विहीर आटली, कोणाला दुखणं लागलं. आधी आम्ही लगेच उत्तर द्यायचो, की देवाची मर्जी. आता देत नाही. आता नुसतं ऐकतो आणि हातातला टाळ चालू ठेवतो. पंढरी यायला अवकाश असतो, तोवर माणूस आपला प्रश्न आपणच देवापर्यंत नेतो. आमचं काम त्याच्या बाजूनं चालायचं.

आता त्या माऊलीचं काय झालं ते सांगतो, म्हणजे लिहिणं पुरं होईल. चातुर्मास झाल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो. तिला सांगितलं, की त्या दिवशी आम्ही बोललो ते चुकलं, तुकोबा गप बसले नव्हते आणि कागदावर सही देवाची नव्हती. ती काही बोलली नाही. सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा पिऊन आम्ही उठलो. पुढच्या पेरणीच्या आधी दिंडीतल्या सात-आठ जणांनी मिळून तिच्या रानात इर्जिक घातली. दोन दिवसांत रान पेरणीला तयार झालं. त्या सालापासून दरवर्षी जातो. कर्ज फेडणं आमच्या हातात नव्हतं, नांगर धरणं होतं.

ती अजून वारीला आलेली नाही. आम्हीही चल म्हणालो नाही. तिचं देवाशी भांडण चालू आहे, आणि ते मिटवायचा अधिकार आम्हाला नाही. भांडते म्हणजे ती देवाच्या दारातच उभी आहे, एवढं आम्ही गाथेवरून शिकलो. गेल्या आषाढात दिंडी निघताना मात्र तिनं नातवाच्या हाती भाकरीचं गाठोडं पाठवलं होतं. कोणासाठी ते सांगितलं नव्हतं. आम्ही ते तळावर पालखीपुढं ठेवलं आणि मग सगळ्यांनी घास घास वाटून घेतलं.

दिंडीच्या पहिल्या माणसांनी शंभर वर्षांमागं पताका उचलली तेव्हा त्यांच्याही मनात प्रश्न असतीलच. ते प्रश्न घेऊन ते चालले, म्हणून आज आपण चालतो. नव्या पोरांनी पताका धरावी, टाळ धरावा, आणि मनात काही पुसायचं असेल तर ते घरी ठेवून येऊ नये. घेऊनच यावं. तुकोबाराय तसेच पंढरीला जात होते.

रामकृष्ण हरी.